ॲथलेटिक बिल्बाओचे करंडक नेमके किती? स्पॅनिश क्लबची विजेतेपदे आणि विक्रम तपासायची पद्धत

ॲथलेटिक बिल्बाओने कोपा देल रे, म्हणजे स्पेनमधला राजाच्या नावाचा चषक, किती वेळा जिंकला? स्पॅनिश फेडरेशनच्या यादीत २४, क्लबच्या हिशेबात २५. यातला कोणताच आकडा खोटा नाही. मात्र मराठीत लेख लिहिताना, प्रश्नमंजूषा काढताना किंवा एखाद्या यादीत दुरुस्ती करताना यातला एक आकडा उचलून दिला आणि तो कोणाचा हे लिहिले नाही, तर तुमची ओळ चुकीची ठरते. स्पॅनिश फुटबॉल नव्याने पाहू लागलेल्यांची गाडी बहुधा इथेच अडते, कारण रेआल माद्रिद आणि बार्सिलोनाचे आकडे कानावर इतके पडलेले असतात की त्यामागेही मोजणीची काही पद्धत असेल हे मनात येत नाही.

खालची पद्धत कोणत्याही स्पॅनिश क्लबला लावता येते. उदाहरण ॲथलेटिकचे घेतले आहे, कारण यादी मोजायला झेपेल इतकी आहे आणि मोजणीत सापडणारे बहुतेक खड्डे तिच्यात आहेत.

आधी हे जवळ घ्या

एक कोरा तक्ता, संगणकावर किंवा वहीत. फेडरेशनची कोपा विजेत्यांची यादी, लीगची अधिकृत यादी, युरोपसाठी युएफाची (युरोपीय फुटबॉल संघटनेची) यादी आणि क्लबच्या स्वतःच्या संकेतस्थळावरचे 'पाल्मारेस' हे पान, म्हणजे विजेतेपदांची यादी. जुन्या सामन्यांसाठी 'मुंदो देपोर्तिवो' या बार्सिलोनाच्या क्रीडा दैनिकाचे जुने अंक ऑनलाइन फुकट चाळता येतात. हे दैनिक १९०६ पासूनचे आहे, त्यामुळे लीग सुरू होण्याआधीची वीसेक वर्षेही हाताशी येतात. आकडेवारी जमवणाऱ्या हौशी मंडळींची आरएसएसएसएफ ही नोंदवही जुन्या निकालांसाठी चांगली आहे, पण ती दुसरा साक्षीदार म्हणून वापरा, एकमेव साक्षीदार म्हणून नको.

स्पॅनिश येत नसले तरी चालते, फक्त गुणतक्त्यातली अक्षरे पाठ करा. 'पीजे' म्हणजे खेळलेले सामने, 'जी' जिंकलेले, 'ई' बरोबरीचे, 'पी' हरलेले, 'जीएफ' केलेले गोल, 'जीसी' खाल्लेले गोल. 'पी' पाहून गुण समजणे ही नवख्यांची हमखास चूक. गुण 'पीटीएस' या रकान्यात असतात. 'काम्पेओन' म्हणजे विजेता, पण त्याच्या आधी 'सुब' लागले की उपविजेता. भाषांतर यंत्रावर यादी टाकली की हा 'सुब' कधीकधी गळतो आणि हरलेली अंतिम लढत करंडकात जमा होते.

१. क्लब नक्की कोणता, हे ठरवा

ही पायरी हास्यास्पद वाटेल, पण अर्धे घोळ इथेच होतात.

आपल्याला हवा तो संघ म्हणजे ॲथलेटिक क्लब. तो बिल्बाओचा, लाल-पांढऱ्या पट्ट्यांचा, सान मामेस मैदानावर खेळणारा आणि बास्क प्रदेशातलेच किंवा तिथे घडलेलेच खेळाडू घेणारा. 'बिल्बाओ ॲथलेटिक' असे उलटे नाव दिसले तर तो याच क्लबचा राखीव संघ. हा राखीव संघ १९८३-८४ मध्ये दुसऱ्या विभागात उपविजेता होता, आणि त्याच हंगामात मुख्य संघ पहिल्या विभागाचा विजेता. दोन्ही ओळी एका क्लबच्या नावावर टाकल्या तर एकच संघ दोन विभागांत खेळताना दिसेल.

तिसरा तो ॲटलेटिको माद्रिद. १९०३ मध्ये माद्रिदला शिकणाऱ्या बास्क विद्यार्थ्यांनी बिल्बाओच्या क्लबची शाखा म्हणून तो काढला आणि सुरुवातीला त्याचेही नाव ॲथलेटिकच होते. १९२१ च्या कोपाच्या अंतिम सामन्यात बिल्बाओच्या ॲथलेटिकने माद्रिदच्या ॲथलेटिकला ४-१ ने हरवले. त्या काळचे वृत्तांत वाचताना नावापुढचे शहर पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नका.

त्यात हुकूमशहा फ्रँकोच्या राजवटीने परकी नावांवर बंदी आणली आणि १९४१ मध्ये बिल्बाओच्या क्लबला 'ॲटलेटिको दे बिल्बाओ' व्हावे लागले. मूळ नाव परत आले ते १९७२ मध्ये. म्हणजे १९४३ ते १९६९ या काळातले सगळे करंडक जुन्या कागदांत 'ॲटलेटिको' नावाने सापडतील. उलट १९३९-४० आणि १९४०-४१ च्या लीगचा विजेता 'ॲटलेटिको आव्हिआसिओन' हा माद्रिदचा, त्याचा बिल्बाओशी संबंध नाही.

महिला संघाची यादी वेगळ्या पानावर ठेवा. ॲथलेटिकच्या महिलांनी लीग पाच वेळा जिंकली आहे: २००२-०३, २००३-०४, २००४-०५, २००६-०७ आणि २०१५-१६. पुरुषांच्या आठ लीग विजेतेपदांत ही पाच मिळवून 'क्लबच्या १३ लीग' असे लिहू नका. दोन वेगळ्या स्पर्धा आहेत.

२. तक्त्याचे रकाने आखा

बेरीज कधीही उचलू नका, ओळी भरा आणि बेरीज स्वतः करा. रकाने सात पुरतात: हंगाम, स्पर्धा, स्पर्धेचे त्या वेळचे नाव, क्लबचे त्या वेळचे नाव, अंतिम सामन्याची तारीख-ठिकाण-निकाल, मान्यता कोणाची, शेरा. सहावा रकाना रिकामा राहिला तर ती ओळ बेरजेत धरू नका.

लीगसाठी '१९८३-८४' असे लिहा आणि कोपासाठी ज्या वर्षी अंतिम सामना झाला ते वर्ष. दोन्ही पद्धती एकाच स्पर्धेत मिसळल्या की '१९८३-८४' आणि '१९८४' अशा दोन ओळी होतात आणि एक करंडक फुकटात वाढतो.

३. लीगच्या ओळी आधी भरा

हे सगळ्यात सोपे काम. लीग १९२९ मध्ये सुरू झाली, १९३६ ते १९३९ यादवी युद्धामुळे बंद होती, बाकी सलग. ॲथलेटिकची आठ विजेतेपदे: १९२९-३०, १९३०-३१, १९३३-३४, १९३५-३६, १९४२-४३, १९५५-५६, १९८२-८३, १९८३-८४.

इथे एकच काळजी घ्यायची. दोन संघांचे गुण सारखे झाले तर स्पेनमध्ये गोलफरक पहिल्यांदा पाहत नाहीत, एकमेकांविरुद्धचे निकाल पाहतात. २००६-०७ मध्ये रेआल माद्रिद आणि बार्सिलोना दोघांचे ७६ गुण होते. बार्सिलोनाचा गोलफरक कितीतरी चांगला, तरी विजेता माद्रिद, कारण आपसातल्या दोन सामन्यांत माद्रिद वरचढ होते. इंग्लंडच्या लीगची सवय असलेल्याला हा गुणतक्ता छपाईची चूक वाटतो आणि तो 'दुरुस्त' करायला जातो. १९८३-८४ च्या तक्त्यातही ॲथलेटिक आणि रेआल माद्रिद दोघे ४९ गुणांवर दिसतील. विजेता ॲथलेटिकच आहे, हात लावू नका.

४. कोपा: इथे वेळ द्या

आज आपण कोपा देल रे म्हणतो ती स्पर्धा १९०३ पासून चालू आहे, पण नाव राज्यकर्त्यांबरोबर बदलत गेले. प्रजासत्ताकाच्या काळात, म्हणजे १९३२ ते १९३६, ती राष्ट्राध्यक्षांच्या नावाची होती. १९३९ ते १९७६ 'कोपा देल जनरलिसिमो', म्हणजे फ्रँकोच्या नावाची. मग पुन्हा राजाची. फक्त 'कोपा देल रे' असे शोधून यादी केली तर ॲथलेटिकचे १९४३ ते १९७३ मधले नऊ चषक गायब होतील. सध्याच्या नावाच्या सलग काळात, १९७६-७७ पासून, क्लबच्या वाट्याला दोनच आले आहेत: १९८४ आणि २०२४.

फेडरेशन मानते त्या २४ ओळी या:

१९०३, १९०४, १९१०, १९११, १९१४, १९१५, १९१६, १९२१, १९२३, १९३०, १९३१, १९३२, १९३३, १९४३, १९४४, १९४५, १९५०, १९५५, १९५६, १९५८, १९६९, १९७३, १९८४, २०२४.

आता शेऱ्याच्या रकान्यात काय लिहायचे ते.

*१९०२.* राजा तेरावा आल्फोन्सो सज्ञान झाला त्या निमित्ताने माद्रिदला राज्यारोहण चषक खेळवला गेला. तो 'बिस्काया' नावाच्या संघाने अंतिम सामन्यात बार्सिलोनाला २-१ ने हरवून जिंकला. बिस्काया म्हणजे ॲथलेटिक क्लब आणि बिल्बाओ एफसी या दोन क्लबांच्या खेळाडूंचा एकत्र संघ. पुढच्याच वर्षी दुसरा क्लब ॲथलेटिकमध्ये विलीन झाला आणि चषक ॲथलेटिककडे राहिला. क्लब हा आपला पहिला कोपा मानतो. फेडरेशन ही स्पर्धा कोपाच्या मालिकेत धरत नाही. पंचविसावा तो हाच. आमच्या मते मुख्य यादीत २४ लिहावे आणि लगेच खाली १९०२ ची टीप द्यावी. तळटिपेशिवाय २५ लिहिणे म्हणजे क्लबच्या बाजूने निकाल देणे, आणि १९०२ चा उल्लेखच गाळणे म्हणजे क्लबच्या संग्रहालयातला खराखुरा चषक नाकारणे.

*१९०४.* या वर्षी ॲथलेटिकला विजेतेपद न खेळता मिळाले, कारण माद्रिदच्या क्लबांना आपला प्रतिनिधी वेळेत ठरवता आला नाही. अंतिम सामन्याचा निकाल शोधत बसू नका, तो नाही. रकान्यात 'सामना झाला नाही' असे लिहा.

*१९१०.* दोन प्रतिस्पर्धी संघटना होत्या आणि दोघींनी आपापला कोपा भरवला. सान सेबास्तियानचा ॲथलेटिकने जिंकला, माद्रिदचा बार्सिलोनाने. दोन्ही अधिकृत धरले जातात. म्हणून एका वर्षापुढे दोन विजेते दिसले तर एक पुसू नका. १९१३ मध्येही असेच झाले, पण तेव्हाचे विजेते रासिंग दे इरुन आणि बार्सिलोना.

*२०२०.* करोनामुळे २०१९-२० चा अंतिम सामना थेट ३ एप्रिल २०२१ ला झाला आणि २०२०-२१ चा १७ एप्रिल २०२१ ला. ॲथलेटिक दोन्हीकडे होता, पंधरवड्यात दोन्ही हरला: आधी रेआल सोसिएदादकडून ०-१, मग बार्सिलोनाकडून ०-४. वर्ष पाहून ओळ भरणाऱ्यांच्या तक्त्यात २०२० रिकामे राहते आणि २०२१ मध्ये दोन विजेते होतात. या एका ठिकाणी वर्षाऐवजी हंगामच लिहा.

*२०२४.* सेव्हियाच्या ला कार्तुहा मैदानावर मायोर्काशी १-१, मग पेनल्टी शूटआऊटमध्ये ४-२. गोलांच्या रकान्यात १-१ च लिहायचे, शूटआऊटचा आकडा शेऱ्यात. शूटआऊटमधले गोल खेळाडूच्या किंवा संघाच्या गोलसंख्येत धरत नाहीत.

५. सुपरकोपा

लीग विजेता आणि कोपा विजेता यांच्यातली ही लढत १९८२ पासूनची. ॲथलेटिकने ती तीनदा मिळवली: १९८४, २०१५ आणि २०२१ मध्ये.

१९८४ ची खेळली गेली नाही. दोन्ही स्पर्धा ॲथलेटिकनेच जिंकल्या होत्या आणि तेव्हाच्या नियमानुसार चषक त्यांना परस्पर देण्यात आला. १९८९ मध्ये रेआल माद्रिदलाही असाच मिळाला. २०१५ ची दोन सामन्यांची होती: बार्सिलोनाविरुद्ध सान मामेसवर ४-० (आदुरिसचे तीन गोल), परतीचा सामना १-१. अशा वेळी 'ग्लोबाल' या शब्दापुढचा आकडा, इथे ५-१, म्हणजे दोन्ही सामन्यांची बेरीज. १७ जानेवारी २०२१ ची मात्र एकाच सामन्याची, जादा वेळेत ३-२, पुन्हा बार्सिलोनाविरुद्धच. २०२० पासून या स्पर्धेत चार संघ असतात, त्यामुळे लीग किंवा कोपा न जिंकताही ती जिंकता येते.

१९५० चा 'कोपा एव्हा दुआर्ते'ही ॲथलेटिककडे आहे. तीही लीग विजेता विरुद्ध कोपा विजेता अशीच लढत होती, पण ती वेगळी, आधीची स्पर्धा. तिला स्वतंत्र ओळ द्या आणि सुपरकोपाचा आकडा चार करू नका.

६. युरोप आणि उन्हाळी चषक

युरोपातला रकाना ॲथलेटिकसाठी लवकर आटपतो. विजेतेपद शून्य. युएफा चषकात १९७७ मध्ये उपविजेते (युव्हेंटसशी ०-१ आणि २-१, बाहेरच्या मैदानावरच्या गोलाच्या नियमाने हार), आणि २०१२ मध्ये त्याच स्पर्धेच्या नव्या रूपात, युरोपा लीगमध्ये, ॲटलेटिको माद्रिदकडून ०-३. १९५६ च्या लॅटिन चषकात मिलानविरुद्ध अंतिम सामना हरले, पण ती युएफाची स्पर्धा नव्हे.

दुसऱ्या क्लबवर काम करत असाल तर 'फेअर्स कप'पाशी थांबा. १९५५ ते १९७१ ची ही स्पर्धा बार्सिलोनाने तीनदा, व्हॅलेन्सियाने दोनदा आणि सारागोसाने एकदा जिंकली. युएफा ती आपल्या अधिकृत स्पर्धांत धरत नाही, क्लब मात्र अभिमानाने मांडतात. सहावा रकाना यासाठीच आहे.

ऑगस्टमधल्या निमंत्रण स्पर्धा (कादिसचा कार्रान्सा, ला कोरुन्याचा तेरेसा एर्रेरा, बार्सिलोनाचा गाम्पेर) मैत्रीपूर्ण सामन्यांच्या आहेत. संग्रहालयाच्या काचेआड यांचे चांदीचे चषक भारदस्त दिसतात आणि फोटोवरून यादी करणारा हमखास फसतो. यांना मुख्य यादीत जागा नाही.

७. गोल आणि सामन्यांचे विक्रम

प्रत्येक विक्रमापुढे 'लीगमध्ये' की 'सर्व स्पर्धांत' हे लिहिलेच पाहिजे. तेल्मो सार्राचे २५१ गोल लीगमधले आहेत. हा विक्रम लिओनेल मेस्सीने नोव्हेंबर २०१४ मध्ये मोडला. गोलरक्षक होसे आन्हेल इरिबारचे ६१४ सामने सर्व स्पर्धांतले. इन्याकी विल्यम्सचे २५१ हे सलग लीग सामने, एप्रिल २०१६ ते जानेवारी २०२३. सार्राचे २५१ गोल आणि विल्यम्सचे २५१ सामने निव्वळ योगायोगाने जुळले आहेत, तेव्हा दोन ओळींची सरमिसळ होऊ देऊ नका.

सर्वाधिक गोलांसाठीचा 'पिचीची' हा पुरस्कार ॲथलेटिकच्याच राफाएल मोरेनो या खेळाडूच्या टोपणनावाचा, पण देते 'मार्का' हे दैनिक, लीग नव्हे. यातून दोन गोष्टी निघतात. एक, पुरस्कार १९५२-५३ पासूनचा आहे, त्याआधीची नावे मागाहून लावलेली. सार्राच्या नावावर सहा पिचीची दिसतात, त्यातला शेवटचा तेवढा त्या काळात प्रत्यक्ष दिलेला. दोन, गोल कोणाचा हे मार्का स्वतः ठरवते आणि ते पंचांच्या अहवालाशी जुळेलच असे नाही. २०१०-११ मध्ये क्रिस्तियानो रोनाल्दोचे लीगच्या नोंदीत ४० गोल आहेत, मार्काच्या नोंदीत ४१. सार्राचा एका हंगामातल्या ३८ गोलांचा (१९५०-५१) विक्रम दोन्ही मोजणींनी तेव्हाच मोडला, पण तुम्ही कोणता आकडा घेतला ते लिहा.

८. संघाचे विक्रम

१९२९-३० ला ॲथलेटिक अपराजित राहिला: १८ सामने, १२ विजय, ६ बरोबरी, ३० गुण. आजच्या हिशेबाने ४२ होतील, पण तसे लिहू नका. विजयाला तीन गुण १९९५-९६ पासून मिळतात, त्याआधी दोन. शिवाय तेव्हा लीगमध्ये दहाच संघ होते. 'सर्वाधिक गुण', 'सर्वाधिक विजय' असले विक्रम वेगवेगळ्या काळांत तोलायचे असतील तर सामन्यांची संख्या शेजारी हवीच.

८ फेब्रुवारी १९३१ चा बार्सिलोनावरचा १२-१ हा विजय खरा आहे. पाहणाऱ्याला तो टंकलेखनाची चूक वाटतो. त्यात बाताने एकट्याने सात गोल केले.

'कधीही खालच्या विभागात न गेलेला क्लब' हा मान रेआल माद्रिद, बार्सिलोना आणि ॲथलेटिक या तिघांचाच. ॲथलेटिक सगळ्यात खाली घसरला तो २००६-०७ मध्ये, सतराव्या क्रमांकावर.

९. तारखा जुळवा, मग बेरीज तपासा

स्पेनमधले अंतिम सामने रात्री उशिरा सुरू होतात. २०२४ चा कोपा अंतिम सामना तिथल्या ६ एप्रिलच्या रात्री दहाला सुरू झाला, तेव्हा भारतात ७ एप्रिलचा पहाटेचा दीड वाजला होता. मराठी वृत्तपत्रांतून किंवा आपल्या मोबाइलच्या वेळेवरून तारीख घेतली तर एक दिवस पुढे जाते. तक्त्यात नेहमी तिथली तारीख लिहा.

मग बेरीज करा. लीग ८, कोपा २४, सुपरकोपा ३, एकूण ३५. १९०२ आणि एव्हा दुआर्ते यांच्या ओळी या बेरजेबाहेर. आता उलट तपासणी: एकाच हंगामात लीग आणि कोपा दोन्ही असलेली वर्षे शोधा. १९३०, १९३१, १९४३, १९५६, १९८४ अशी पाच 'दोब्लेते' निघाली पाहिजेत. चार निघाली तर बहुधा १९५६ चा कोपा १९५५ च्या ओळीत गेला आहे, कारण दोन्ही वर्षी तो जिंकला होता. तीनच निघाली तर लीगच्या हंगामाचे पहिले वर्ष धरले गेले आहे, शेवटचे नव्हे.

यादीच्या माथ्यावर 'अमुक हंगामाअखेर' ही नोंद टाका. वरचे आकडे २०२४-२५ हंगामाअखेरचे आहेत. नंतर वर्षातून तीनदा पाहिले की पुरते: सुपरकोपा जानेवारीत, कोपाचा अंतिम सामना एप्रिलच्या आसपास, लीग मेअखेरीस. महिलांची यादी त्याच वेळी, वेगळ्या पानावर.